आपटलं नाही, उतरलं!

कझाकस्तानच्या माळावर रशियाचं सोयुझ यान उतरतानाचा व्हिडिओ भाच्याला दाखवत होतो. भल्यामोठ्या पॅराशूटखाली करपलेली कुपी (यानाचा अंतराळवीर बसलेला भाग) डुलत खाली येते आणि टेकायच्या क्षणी धूर-धुळीचा लोट उठतो. "मामा, हे तर आपटलं!" भाचा ओरडला. बऱ्याच मोठ्या माणसांचाही हाच समज असतो.

तो धूर आपटण्याचा नसतो. पॅराशूटमुळे कुपीचा वेग सेकंदाला सात मीटरांच्या आसपास येतो. अडीच मीटर उंचीवरून उडी मारली तर जमीन जितक्या जोरात लागेल तितका. तीन टनांच्या कुपीत सहा महिने वजनाशिवाय राहिलेल्या माणसांच्या पाठीला हा दणका परवडणारा नाही. म्हणून बुडाशी बसवलेला उंचीमापक खाली गॅमा किरण सोडतो, जमिनीवरून उलट फिरलेल्या किरणांवरून अंतर ओळखतो आणि जमीन मीटरभराच्याही आत आली की छोटी रॉकेटं पेटतात. धूळ उडते ती त्यांच्यामुळे.

रशियाचा अंतराळप्रवास सांगताना पहिला माणूस, पहिली स्त्री, पहिला अवकाशातला फेरफटका अशी यादी म्हणायची पद्धत आहे. मला मात्र परतीची वाट जास्त खेचते. रशियाने अंतराळमोहिमांत गमावलेले चारही वीर परतीच्या वाटेवरच गेले. १९६७ मध्ये कोमारोव यांच्या सोयुझ-१ चं मुख्य पॅराशूट उघडलं नाही. १९७१ मध्ये सोयुझ-११ मधली हवा एका झडपेतून निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव हे तिघं जागच्या जागी गेले. तिघांच्याही अंगावर दाबपोशाख नव्हता.

१२ एप्रिल १९६१ ला गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारून आले, ते एका गोळ्यात बसून. त्यांच्या व्होस्तोक यानाची कुपी म्हणजे सव्वादोन मीटर व्यासाचा अक्षरशः चेंडू. आत वजन एका बाजूला जास्त, त्यामुळे जत्रेतल्या डुलणाऱ्या बाहुलीसारखा तो आपोआप योग्य बाजूने हवेला सामोरा जायचा. पण चेंडूला दिशा देता येत नाही. तो फेकलेल्या दगडासारखा येतो, आणि आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या आठपटीहून जास्त भार सोसावा लागतो. उतरायची सोयही बेताचीच, त्यामुळे सात किलोमीटर उंचीवर गागारिन आसनासकट बाहेर फेकले गेले आणि वेगळ्या पॅराशूटने उतरले. विक्रमाच्या नियमांत वैमानिकाने यानातूनच उतरायला हवं होतं, म्हणून हे कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं!

सोयुझची कुपी घंटेच्या आकाराची. खरी गंमत आता आहे.

एसटीच्या खिडकीतून (वरची सूचना वाचूनही) हात बाहेर काढलाय कधी? तळवा थोडा तिरका धरला की हात वर उचलला जातो. मनगट फिरवलं की तोच जोर बाजूला ओढतो. सोयुझला पंख नाहीत, शेपूट नाही. पण आतलं सामान असं मांडलेलं असतं की गुरुत्वमध्य बरोबर मधोमध न येता जरासा बाजूला येतो. त्यामुळे हवेत शिरल्यावर कुपी स्वतःहून थोडी तिरकी राहते आणि तिला तळव्यासारखी उचल मिळते. छोटे वायुझोत फक्त मनगटाचं काम करतात, म्हणजे कुपीला तिच्या अक्षाभोवती फिरवतात. उचल वरच्या दिशेला ठेवली तर कुपी लांब जाते. कडेला वळवली तर लवकर खाली येते.

(जाता जाता: कुपी तापते ती घर्षणाने, असं शाळेत शिकवतात. मुख्य कारण ते नाही. समोरची हवा बाजूला व्हायला वेळच न मिळाल्याने दाबली जाते, आणि सायकलच्या पंपासारखी दाबलेली हवा तापते.)

उचल मिळाल्याने काय होतं, ते वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहू. वेग सेकंदाला ७५०० मीटर धरा. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. मंदन (वेग घटण्याचा दर) ४ जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या चौपट, साधारण ४० धरलं तर अंतर येतं सुमारे ७०० किलोमीटर. ८ जी धरलं तर ३५०. उचल कुपीला वरच्या विरळ हवेत जास्त वेळ रेंगाळत ठेवते, म्हणून ब्रेक हळू लागतो आणि भार निम्म्यावर येतो. राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ ला परतले ते अशाच कुपीतून.

आणि नियंत्रण बिघडलं तर? उचल चुकून खालच्या दिशेला राहिली तर कुपी दाट हवेत खेचली जाईल. यावर रशियनांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. कुपीला सावकाश गिरकी द्यायची, अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक. उचल कधी वर, कधी खाली, कधी बाजूला, सरासरी शून्य. तिरकी कुपी पुन्हा दगड होते. भार वाढतो आणि माणसं ठरलेल्या जागेच्या चारशे किलोमीटर अलीकडे उतरतात. म्हणजे आपल्या ७०० आणि ३५० मधल्या फरकाच्या जवळपास! (प्रत्यक्षात मंदन सतत बदलतं, तेव्हा आकडा इतका जुळणं थोडं नशिबाचंच.)

१९ एप्रिल २००८ ला हेच घडलं. सोयुझ टीएमए-११ मध्ये यूरी मालेंचेन्को, अमेरिकेच्या पेगी व्हिटसन आणि दक्षिण कोरियाच्या यी सो-यॉन होते. मागचा यंत्रकक्ष सोडवणारा एक स्फोटक बोल्ट उडाला नाही. कक्ष लोंबकळत राहिला आणि कुपी दाराकडून, म्हणजे जिथे जाड उष्णताकवच नाही त्या बाजूने, हवेत शिरली. १९६९ मध्ये बोरिस वोलिनोव यांनी नेमकं हेच अनुभवलं होतं. दोन्ही वेळा हवेच्या माऱ्याने कक्ष तुटला आणि कुपी आपली आपण सरळ झाली, बाहुलीचाच गुण. तिघं ८ जीहून जास्त भार सोसून भलतीकडेच उतरले. आजूबाजूचं गवत पेटलं होतं.

यानंतर रशियन अंतराळसंस्थेच्या प्रमुखांनी काय म्हणावं? जहाजावर बायका असणं अपशकुनी मानतात, याची त्यांनी आठवण काढली. यापुढे यानात स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त नसेल हे पाहू, असंही सुचवलं. उड्डाणाआधी तिरुपतीला जाणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना मी नावं ठेवतो, पण निदान ते बोल्टचं खापर सहकाऱ्यांवर फोडत नाहीत.

त्याच पेगी व्हिटसन जून २०२५ मध्ये पुन्हा अंतराळस्थानकावर गेल्या, मोहिमेच्या प्रमुख म्हणून, आणि त्यांच्या शेजारी वैमानिक होते आपले शुभांशू शुक्ला. भाच्याला हे सांगितलं, तर त्याचा प्रश्न तयार: "मग उतरताना धूळ उडाली?"

"नाही रे. ती कुपी अमेरिकन होती. समुद्रात उतरली."

त्याचा चेहरा पडला.