रोमन नाणे : घासण्याआधी ओळख

चौथ्या शतकात रोमन टांकसाळींनी ब्राँझची नाणी इतक्या मोठ्या संख्येने पाडली की युरोपात आणि पश्चिम आशियात ती आजही मातीतून निघत राहतात. व्यापारामार्गे आलेली अशी नाणी तमिळनाडूत करूर आणि मदुराई येथे तसेच श्रीलंकेतही मिळाली आहेत. मातीने माखलेले नाणे हाती आले की पहिला मोह होतो तो घासण्याचा. तो आवरावा, कारण नाण्यावरील चित्र आणि अक्षरे बहुधा उघड्या धातूत नव्हे, तर त्यावर चढलेल्या जंगालाच्या, म्हणजे तांब्याच्या गंजाच्या, थरातच शिल्लक असतात.

या थरांत धातूलगत तांब्याचे लालसर ऑक्साइड, म्हणजे क्युप्राइट, असते आणि त्यावर बहुतेकदा मॅलेकाइट हे हिरवे कार्बोनेट. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने लखलखीत करतात, पण नाण्यावर हा उपाय दुहेरी घात करतो : आम्ल हे थर चित्रासकट विरघळवते आणि मीठ मागे क्लोराइड सोडते, जे पुढे धातू खात राहते.

म्हणून आधी ओळख, मग सफाई. सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असेल तर नाणे बहुधा तिसऱ्या शतकातील. मोत्यांची पट्टी असेल तर चौथ्या शतकातील सम्राट कॉन्स्टंटाइनच्या उत्तरकाळातील किंवा त्यानंतरचे. मागील बाजूस दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये दोन ध्वज असतील तर काळ साधारण इ. स. 330 ते 335. ध्वज एकच असेल तर त्यानंतरचा, आणि नाणेही किंचित लहान. इ. स. 348 नंतरच्या एका प्रकारावर ढालधारी सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला भोसकतो. झिजलेल्या नाण्यावरही घोड्याची वाकलेली मान आणि घोडेस्वाराचा मागे उचललेला हात भिंगाखाली सापडतो. सर्वांत खाली, आडव्या रेषेखाली, टांकसाळीची अक्षरे असतात. ती सफाईत सर्वांत शेवटी घ्यावीत, कारण ती बारीक असून कडेला असल्याने बऱ्याचदा आधीच अर्धवट कापली गेलेली असतात.

काय दिसायला हवे हे ठाऊक असले की कुठे थांबायचे हेही कळते. नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवावे आणि पाणी दर एक-दोन दिवसांनी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते टाळावे. माती सैल होण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. मग मऊ ब्रश आणि लाकडी काडी, तीही भिंगाखाली. ऑलिव्ह तेलात भिजवण्याची पद्धत पुष्कळांना प्रिय आहे, परंतु तेलातील आम्ले हळूहळू हिरवा थर खातात, त्यामुळे मी ती सुचवणार नाही. काडीखाली लाल क्युप्राइट उघडे पडू लागले तर तिथेच थांबावे. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक नाण्यांवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो ब्रशच्या जोरानेही जातो.

कोरड्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड उगवली तर तो ब्राँझचा रोग होय. आत दडलेले क्युप्रस क्लोराइड दमट हवेशी अभिक्रिया करते, त्यातून आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि चक्र चालू राहते. असे नाणे वेगळे काढून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डबीत कोरडे ठेवावे. तांब्याचे गंजणे रोखणाऱ्या बेंझोट्रायझोल या रसायनाचा उपचार विषारी असल्याने तो संवर्धकाच्या प्रयोगशाळेतच करून घ्यावा.