हॅव (इंग्रजी क्रियापद) : तुर्की भाषकांसाठी अर्थ आणि उपयोग

हॅव हे इंग्रजीतले रोजच्या वापरातले क्रियापद. तृतीयपुरुषी एकवचनात त्याचे 'हॅज' होते आणि भूतकाळात 'हॅड'. मालकी सांगणे हे त्याचे मूळ काम. त्याशिवाय ते खाण्यापिण्याला, सक्तीला, दुसऱ्याकडून काम करवून घेण्याला आणि पूर्ण काळांना उपयोगी पडते. तुर्की मातृभाषा असलेल्या माणसाला हे क्रियापद अवघड जाते, कारण त्याच्या भाषेत या शब्दाला प्रतिशब्दच नाही. ही अडचण मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण तो प्रतिशब्द मराठीतही नाही. 'आय हॅव अ कार' याचे मराठी 'माझ्याकडे गाडी आहे' असे होते. त्यात 'आहे' आहे, 'हॅव' कुठेच नाही.

तुर्कस्तानात २०१२ च्या शालेय सुधारणेनंतर इंग्रजी दुसरीपासून शिकवले जाते. म्हणजे सात-आठ वर्षांचे मूल 'आय हॅव अ पेन्सिल' म्हणू लागते, तेव्हा त्याच्या मनात वाक्य उलट्या बाजूने रचलेले असते.

(या नोंदीत तुर्की शब्द देवनागरीत उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. तुर्कीत टिंब असलेला (i) आणि बिनटिंबाचा (ı) असे दोन वेगळे स्वर आहेत. बिनटिंबाचा स्वर जीभ मागे घेऊन उच्चारतात आणि मराठीत त्याला अक्षर नाही, म्हणून येथे तोही 'इ' असाच लिहिला आहे.)

मालकी : 'माझ्याकडे गाडी आहे' हे तुर्कीत 'बेनिम आराबाम वार' असे होते. 'बेनिम' म्हणजे माझी. 'आराबा' म्हणजे गाडी, आणि तिला जोडलेला 'म' पुन्हा 'माझी' हेच सांगतो. 'वार' म्हणजे आहे, अस्तित्वात आहे. शब्दशः पाहिले तर वाक्य 'माझी गाडी-माझी आहे' असे आहे. प्रत्ययातून मालक कळत असल्यामुळे 'बेनिम' बहुधा गळतो आणि 'आराबाम वार' एवढेच उरते. नकारासाठी 'नाही' जोडायचे नसते. 'वार'च्या जागी 'योक' हा वेगळाच शब्द येतो : 'आराबाम योक'. 'मला वेळ नाही' याचे तुर्की 'वाक्तिम योक'. यातला 'वाकित' हा ग्रामीण मराठीतल्या 'वखत'चा सख्खा भाऊ आहे, दोघेही अरबीतून आले.

गंमत अशी की 'वार' हे क्रियापद नाहीच. ते नामासारखे वागते. भूतकाळात त्याचे 'वार्दि' होते, शर्तीत 'वार्सा', ऐकीव गोष्टीत 'वार्मिश'. भविष्यकाळ मात्र त्याला नाही, तिथे 'होणे' या अर्थाचे 'ओल्माक' धावून येते : 'आराबाम ओलाजाक', माझ्याकडे गाडी असेल. त्याच 'ओल्माक'ने बाळाची बातमी सांगतात. इंग्रज 'वी हॅड अ बेबी गर्ल' म्हणतो, तुर्क 'किझिमिझ ओल्दु' म्हणतो, आणि मराठी माणूस 'आम्हाला मुलगी झाली'. शेवटची दोन वाक्ये जवळजवळ एकाच साच्यातली आहेत.

'वार' आणि 'योक' या जोडीवर तुर्की भाषेने संपत्तीची सगळी कल्पनाच उभी केली आहे. 'वारलिक' म्हणजे अस्तित्व आणि 'वारलिक' म्हणजेच संपत्ती. श्रीमंत माणूस 'वारलिकलि', आणि 'योकलुक' म्हणजे नसणे, गरिबी. १९४२ साली तुर्की सरकारने बसवलेला आणि प्रामुख्याने बिगर-मुस्लिमांना भरडून काढणारा संपत्तीकर इतिहासात 'वारलिक वेर्गिसि' याच नावाने ओळखला जातो. सर्वस्व पणाला लावणारा माणूस 'वारिनि योउनु' देतो, म्हणजे त्याचे असलेले आणि नसलेले. मराठीत आपण 'होते नव्हते ते सगळे दिले' म्हणतो, तेच हे.

शब्दकोशाचा चकवा : इंग्रजी-तुर्की शब्दकोशात 'हॅव' काढला की समोर 'साहिप ओल्माक' येते. जुन्या वळणाच्या कोशात 'मालिक ओल्माक'ही असते. दोन्ही शब्द अरबी आहेत आणि मराठीला 'साहेब' व 'मालक' म्हणून घरचे आहेत. 'साहिप ओल्माक' म्हणजे मालक असणे. १९३२ साली स्थापन झालेल्या तुर्की भाषा मंडळाने अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की शब्द आणण्याचे मोठे काम हाती घेतले, तरी 'साहिप' टिकला. मालक या अर्थाचा 'इये' हा जुना तुर्की शब्द आज भेटतो तो मुख्यतः व्याकरणात. 'आराबाम'मधल्या 'म'सारख्या प्रत्ययाला 'इयेलिक' प्रत्यय म्हणतात.

'साहिप ओल्माक' चुकीचे नाही, पण बोलण्यात ते जड वाटते. कायद्याच्या कागदात, जाहिरातीत, औपचारिक लेखात ते शोभते. 'मला एक भाऊ आहे' म्हणायला कोणी तुर्क 'मी एका भावाचा मालक आहे' असे म्हणणार नाही. तरीही हा चकवा त्रास देतो, कारण विद्यार्थी 'हॅव' म्हणजे मालकी असे पाठ करतो आणि मग ताप, वेळ, भाऊ यांच्यासाठी 'हॅव' वापरायला बिचकतो. माझ्या मते कोशकारांनी पहिला अर्थ म्हणून 'वार' द्यावा आणि 'साहिप ओल्माक' तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर न्यावे. 'त्याला ताप आहे' हे तुर्कीत 'आतेशि वार', म्हणजे 'त्याचा ताप आहे'. 'आतेश' म्हणजे आग आणि तापही. हा शब्द फारसी असून मराठीतल्या 'आतषबाजी'त तोच आहे. इंग्रजीत मात्र माणूस कर्ता होतो आणि तापाला धरून ठेवतो : 'ही हॅज अ फीव्हर'.

धरून ठेवण्याची ही कल्पना शब्दाच्या मुळातच आहे. जुन्या इंग्रजीत तो 'हाब्बान' होता, आणि त्याचे मूळ भारोपीय धातू 'काप्', म्हणजे पकडणे, घट्ट धरणे. लॅटिनमधल्या 'कापेरे' या पकडण्याच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. 'हॅव'च्याच अर्थाचे लॅटिन 'हाबेरे' दिसायला जुळे वाटते, पण ते वेगळ्या धातूचे आहे.

'वार' जवळ असण्यासाठीही चालतो, फक्त मग रचना बदलते. 'पाराम वार' म्हणजे माझ्यापाशी पैसा आहे, ऐपत आहे. 'बेन्दे पारा वार' म्हणजे आत्ता माझ्याजवळ, खिशात, पैसे आहेत. ते कोणाचेही असोत. मराठीत 'मला', 'माझ्याकडे', 'माझ्याजवळ' यांनी असाच भेद करता येतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हॅव' येते, आणि नेमका भेद हवा असेल तर पुढे 'ऑन मी' जोडावे लागते. उलट 'ती गाडी अलीची आहे' असे सांगताना तुर्कीत 'वार' येत नाही, 'आराबा आलिनिन' एवढेच पुरते. तिथे इंग्रजीतही 'हॅव' नको.

सर्वांत चिवट चूक वेगळीच आहे. तुर्कीत 'घरात पाव आहे' आणि 'माझ्याकडे पाव आहे' या दोन्हींत 'वार'च असतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'देअर इज', दुसऱ्यासाठी 'हॅव'. म्हणून तुर्की विद्यार्थी 'आमच्या शहरात खूप संग्रहालये आहेत' हे 'इन अवर सिटी हॅज मेनी म्यूझियम्स' असे लिहून जातो. यावर एक साधा उपाय आहे. तुर्की वाक्यातल्या नामाला 'म', 'न', 'सि' असा मालकीचा प्रत्यय लागला आहे का, ते आधी पाहावे. लागला असेल तर 'हॅव', नसेल तर 'देअर इज'. प्रत्येक वाक्याला हे लागू पडेल असे नाही, पण शाळकरी लेखनातल्या बहुतेक चुका याने टळतात.

खाणे, पिणे, नाहणे : इथे 'हॅव'ला स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतो, अर्थ पुढच्या नामात असतो. तुर्कीत प्रत्येक ठिकाणी वेगळे क्रियापद येते. चहा पितात, जेवण खातात, न्याहारी करतात, आणि शॉवर 'घेतात' : 'दुश आल्माक'. न्याहारीला तुर्कीत 'काहवाल्ति' म्हणतात. त्यात 'काहवे' आणि 'आल्ति' हे शब्द आहेत, म्हणजे कॉफीच्या खालचे, कॉफीआधी पोटाला आधार म्हणून खायचे. या उपयोगात 'आय अॅम हॅविंग लंच' असा चालू काळ होतो, मालकीच्या अर्थाने 'आय अॅम हॅविंग अ कार' होत नाही. 'हॅव अ गुड जर्नी'सारख्या शुभेच्छांत तुर्क क्रियापदच वापरत नाही. 'इयि योल्जुलुक्लार', चांगले प्रवास, एवढेच म्हणून तो निरोप देतो.

सक्ती : 'आय हॅव टू गो' याला तुर्कीत निदान तीन पर्याय आहेत. 'गित्मेक झोरुन्दायिम' यात बाहेरची सक्ती आहे. 'झोर' हा फारसी शब्द म्हणजे आपला 'जोर', मात्र आजच्या तुर्कीत त्याचा अर्थ 'अवघड' असाही होतो. 'गित्मेम लाझिम' म्हणजे 'माझे जाणे गरजेचे'. 'गित्मेलियिम' हे 'मस्ट' किंवा 'शुड'च्या जवळचे. गोंधळ नकारात होतो. 'यू डोन्ट हॅव टू गो' म्हणजे जायची गरज नाही, 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे जायचे नाही. तुर्कीत हा फरक स्वच्छ आहे : पहिल्यासाठी 'झोरुन्दा देईल्सिन', दुसऱ्यासाठी 'गित्मेमेलिसिन'. विद्यार्थ्याने इंग्रजी शब्द समोर ठेवून विचार करण्याऐवजी आपल्या भाषेतला हा फरक आधी मनात आणला, तर चूक होत नाही.

करवून घेणे : 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे मी केस कापून घेतले. तुर्कीत हे काम एक प्रत्यय करतो. 'केस्मेक' म्हणजे कापणे, 'केस्तिर्मेक' म्हणजे कापून घेणे. तसेच 'याप्माक' करणे आणि 'याप्तिर्माक' करवणे. मराठीतल्या 'करणे'–'करवणे' या जोडीसारखीच ही सोय आहे. इंग्रजीत प्रत्यय नसल्यामुळे सगळा भार शब्दक्रमावर पडतो. 'हॅड' आणि 'कट' यांच्या मधे केस आले तर न्हाव्याने कापले. 'आय हॅड कट माय हेअर' म्हटले तर मी स्वतः, आणि त्याआधीच्या काळात कापले. एका शब्दाची जागा बदलली की कात्री दुसऱ्याच्या हातात जाते. प्रत्ययाच्या सवयीत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

पूर्ण काळ : इथे तुर्की विद्यार्थ्याला आधार मिळत नाही. 'आनाहतारिमि काय्बेत्तिम' हे एकच वाक्य 'मी किल्ली हरवली' आणि 'माझी किल्ली हरवली आहे' या दोन्हींसाठी चालते. इंग्रजीत 'लॉस्ट' आणि 'हॅव लॉस्ट' असा निर्णय घ्यावाच लागतो. काही जण 'मिश' या प्रत्ययाला 'हॅव' समजतात. पण 'गेल्मिश' म्हणजे 'तो आलाय म्हणे' किंवा 'आलेला दिसतोय'. बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही, हे त्यातले मुख्य. इंग्रजी 'ही हॅज कम'मध्ये ऐकीवपणाची छटा मुळीच नाही.

काळाची लांबी सांगताना तुर्की चालू वर्तमान वापरते : 'बेश यिल्दिर बुरादा याशियोरुम', पाच वर्षे झाली, मी इथे राहतोय. म्हणून इंग्रजीत 'आय अॅम लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असे वाक्य येते, जिथे 'आय हॅव लिव्ह्ड' हवे. मराठी विद्यार्थीही हेच करतो, आणि कारणही तेच.

पूर्ण काळाच्या एका कोपऱ्यात मात्र तुर्की आणि इंग्रजी चकित करण्याइतक्या जवळ येतात. 'मी तिथे कधीतरी गेलो आहे' या अनुभवासाठी तुर्क 'ओराया गित्मिश्लीम वार' म्हणू शकतो. शब्दशः, 'माझे तिथे गेलेलेपण आहे'. गेल्याचा अनुभव माझ्यापाशी जमा आहे, आणि तो सांगायला पुन्हा तोच 'वार' येतो, जसा इंग्रजीत 'आय हॅव बीन देअर'मध्ये 'हॅव' येतो. ही रचना बोलीभाषेतली आहे आणि फक्त आयुष्यात कधीतरी घडलेल्या गोष्टीसाठी चालते. हरवलेल्या किल्लीसाठी किंवा पाच वर्षांच्या मुक्कामासाठी ती वापरता येत नाही.