लोकशाहीची लोकसमजूत (एकाधिकारशाहीतील)

ज्या राज्यात सत्ता एकाच्या किंवा एकाच पक्षाच्या हाती असते, तिथली सामान्य माणसे लोकशाहीचा काय अर्थ लावतात, हा राज्यशास्त्रातला कळीचा विषय आहे. चीन आणि व्हिएतनाममध्ये एकपक्षीय सत्ता असूनही ‘एशियन बॅरोमीटर’सारख्या पाहण्यांत तिथले बहुसंख्य लोक आपला देश लोकशाही असल्याचे सांगतात. हे उत्तर निव्वळ भीतीपोटी येते, असे म्हणून भागत नाही. ‘वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे’त लोकशाहीसाठी काय आवश्यक, याला 1 ते 10 गुण द्यायचे असतात. त्या यादीत मुक्त निवडणुका आणि स्त्रियांचे समान हक्क आहेत, तशीच बेकारांना मदत आणि राज्यकर्त्यांची आज्ञा पाळणे याही बाबी आहेत. आज्ञापालनाला भरघोस गुण देणारे एकाधिकारशाही देशांत पुष्कळ भेटतात. राज्यकर्ता कसा निवडला यापेक्षा तो रयतेचे भले करतो का, ही त्यांची कसोटी असते. चीनमध्ये तिला मेन्शियस या प्राचीन तत्त्वज्ञाइतका जुना आधार आहे : प्रजा थोर, राजा तिच्यापुढे गौण. मात्र राजा कोण असावा, हे प्रजेने ठरवायचे, असे त्यात नाही.

वडोदऱ्यातील मराठी घरांना ही कसोटी अपरिचित नाही. 1875 साली इंग्रजांनी बडोदा संस्थानचे राजे मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा राजघराण्यात दत्तक आणून गादीवर बसवला. या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होई. पुढे खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. ब्रिटिश मुलखातल्या रयतेला यातले फारसे काही मिळत नव्हते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ‘महाराजांच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य दांडिया बाजारात, रावपुऱ्यात अजून कानावर पडते, ते त्यामुळेच.

पण हे सारे वरून आले. 1908 मध्ये स्थापन झालेल्या धारासभेचे, म्हणजे संस्थानच्या विधिमंडळाचे, काम मुख्यतः सल्ला देण्याचे होते. मतदार थोडे होते आणि शेवटचा शब्द हुजूरचा होता. अशा राज्यात प्रजेच्या हाती उरतो तो अर्ज. मायबाप सरकारकडे दाद मागायची, मग तो कागद या अंमलदाराकडून त्या अंमलदाराकडे फिरत राहतो. दाद लागली तर ती कृपा. नाही लागली तर पुढे जायला वाट नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव इथे अटळपणे आठवतो. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत उतरले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला. उत्तर लांबत राहिले, कागद फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना धर्मशाळेबाहेर काढले. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. राजा सुधारक होता, अर्जदार त्याच्याच खात्यातला उच्चशिक्षित अधिकारी होता, तरीही डोक्यावर छप्पर मिळाले नाही. भले करणाऱ्या सत्तेचे मोजमाप घेताना हा अर्ज विसरता कामा नये.

प्रजामंडळ या संस्थानी प्रजेच्या राजकीय संघटनेने जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी सरकारची, मागणी लावून धरली, ती याच अपुरेपणातून. तिच्या 1938 च्या भादरण अधिवेशनाचे अध्यक्ष सरदार पटेल होते. सयाजीराव 1939 मध्ये निवर्तले. 1940 च्या नव्या राज्यघटनेने धारासभेत निवडून आलेल्यांचे बहुमत झाले. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

लोकांची उत्तरे आणि त्यांची खरी मते यांतले अंतर मोजणे ही या अभ्यासातली सर्वांत अवघड बाब. पाहणी करणारा परका माणूस दारात वही घेऊन उभा असतो, आणि सत्तेविषयी कुणाशी काय बोलावे हे लोकांना नीट कळते. आणीबाणीत याचा पडताळा भारतातच आला. जून 1975 नंतरही गुजरातेत बाबूभाई पटेलांचे बिगरकाँग्रेसी सरकार होते, त्यामुळे तिथे काही काळ बोलायला मोकळीक होती. मार्च 1976 मध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि ती मोकळीकही गेली. त्याच वर्षी आणीबाणीविरोधात स्फोटांचा कट रचल्याच्या आरोपावरून जॉर्ज फर्नांडिस आदींवर भरलेल्या बडोदा डायनामाइट खटल्यामुळे शहराचे नाव देशभर गाजले. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत शिस्त आली, हे कौतुक त्या काळात देशात उघडपणे होत होते. सक्तीच्या नसबंदीची भीती दबक्या आवाजात बोलली जाई. मार्च 1977 मध्ये गुप्त मतदान झाले, तेव्हा काँग्रेसची केंद्रातली सत्ता गेली आणि खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या.