सिंहांच्या युतीचे गणित

टांझानियातील सेरेंगेटीत, सेरोनेरा नदीकाठच्या एखाद्या बाभळीखाली सिंहांचा कळप पहिल्यांदा दिसतो तेव्हा बहुतेक पर्यटकांची थोडी निराशाच होते, कारण सिंह झोपलेले असतात. दिवसाचे सुमारे २० तास ते नुसते पडून काढतात, त्यामुळे दोन मिनिटांत छायाचित्रे आटोपून जीप बिबट्याच्या शोधात पुढे निघते. खरे तर थांबावे ते इथेच. कोण कोणाच्या अंगावर पाय टाकून पडले आहे, पिल्ले कोणाला लुचत आहेत आणि आयाळवाले नर किती आहेत, हे सगळे या सुस्त पसाऱ्यात दिसत असते. त्यातही नरांची संख्या सर्वांत महत्त्वाची, कारण त्या झाडाखालची पिल्ले मोठी होणार की नाही हे बरेचसे त्या आकड्यावर ठरते.

हे कळण्यासाठी आधी एकेक सिंह वेगळा ओळखता यावा लागतो. जॉर्ज शॅलर यांनी १९६६ मध्ये सेरेंगेटीतील सिंहांचा अभ्यास सुरू केला आणि १९७८ पासून क्रेग पॅकर व ॲन प्युसी यांनी तो पुढे नेला. ओळख पटवण्याची खूण सिंहाच्या गालावर असते. मिशा जिथून उगवतात तिथे काळ्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात. त्यांतली सर्वांत वरची ओळ तुटक असते, आणि तिच्यातले मोजके ठिपके खालच्या ओळीतल्या नेमक्या कोणत्या ठिपक्यांच्या वर येतात हे प्रत्येक सिंहात निराळे असते. डावा गाल आणि उजवा गालही सारखे नसतात. ही ठेवण जन्मभर बदलत नाही. दुर्बीण चांगली असेल आणि सिंहाने मान वळवण्याची कृपा केली, तर जीपमध्ये बसूनही ती टिपता येते.

वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींतून जे चित्र उभे राहिले त्यात कळपाचा कणा म्हणजे माद्या: आजी, आई, मावश्या, मावसबहिणी. बहुतेक मुली जन्मल्या कळपातच राहतात, पिल्ले एकत्र वाढवतात आणि पाणी व आडोसा असलेला आपला प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या राखतात. नर या घरात मुदतीवर आलेल्या घरजावयांसारखे असतात. दोन ते चार वर्षांचे झाले की त्यांना जन्माचा कळप सोडावा लागतो, आणि मग काही काळ ते परमुलखात भटकत राहतात. एकट्याचा निभाव लागणे कठीण असल्यामुळे ते जोडीदार धरतात. नरांच्या या गटाला मराठीत काय म्हणावे हा प्रश्नच आहे. निवडणुकांनी ‘युती’ आणि ‘आघाडी’ या दोन्ही शब्दांना जो वास लावून ठेवला आहे, तो तूर्त विसरून आपण युती म्हणू.

युती जितकी मोठी तितका कळपावरचा ताबा अधिक काळ टिकतो आणि सरासरीने प्रत्येक नराच्या वाट्याला पिल्लेही अधिक येतात. मग सगळेच नर मोठ्या युतीत का शिरत नाहीत? याचे उत्तर १९९१ मध्ये डीएनए तपासणीतून मिळाले. दोघा-तिघांच्या युतीत रक्ताचे नाते नसलेले नर बऱ्याचदा सापडतात, परंतु चार किंवा अधिक नरांची युती असेल तर ते सगळे भाऊबंदच असतात. मोठ्या युतीत पितृत्वाची वाटणी फार विषम होते आणि काही नरांना पिल्ले होतच नाहीत. असा नर भाऊ असेल तर पुतण्यांच्या रूपाने त्याच्याही रक्ताचा काही अंश पुढे जातो. परका असेल तर त्याने जिवावर उदार होऊन केलेल्या राखणीचे फळ दुसऱ्यालाच मिळते.

कळपावर नवी युती चाल करून येते तेव्हा हे गणित क्रूर होते. जुन्या नरांना हुसकावल्यावर नवे नर लहान छाव्यांना मारून टाकतात. सेरेंगेटीत मरणाऱ्या छाव्यांपैकी साधारण चौथा हिस्सा असा दगावतो. सिंहिणीचा गर्भकाळ सुमारे ११० दिवसांचाच असला, तरी छावे जगले तर पुढची दीड-दोन वर्षे ती पुन्हा माजावर येत नाही. नव्या नरांच्या हाती मात्र बहुधा दोन-तीन वर्षेच असतात, कारण तोवर त्यांच्यापेक्षा वरचढ कोणीतरी येऊन उभे राहते. याला दुष्टपणा म्हणण्यात अर्थ नाही, पण पाहणाऱ्याला ते सोसत नाही हेही खरे आहे.

सिंहांना संख्या कळते, हे एका प्रयोगातून दिसले. कॅरेन मॅकोम्ब, पॅकर आणि प्युसी यांनी परक्या सिंहिणींच्या गर्जना ध्वनिवर्धकावरून ऐकवल्या: कधी एकीची, कधी तिघींची. एकच आवाज असेल तर कळपातल्या माद्या त्या दिशेने निघण्याची शक्यता अधिक असे, तर तिघींचा आवाज आल्यावर आपण पुरेशा जणी आहोत की नाही हे पाहून त्या सावध होत. नरांची आयाळही अशीच सूचना देते. पेटन वेस्ट आणि पॅकर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मैदानावर सिंहांचे कृत्रिम पुतळे उभे केले होते. माद्या काळ्या आयाळीच्या पुतळ्याकडे गेल्या, तर नरांनी आखूड आयाळीच्या पुतळ्याजवळ जाणे पसंत केले.

मात्र आफ्रिकेतले नियम जसेच्या तसे आपल्या गीरला लावता येत नाहीत. तिथे नर आणि माद्या एरवी वेगवेगळे राहतात, आणि सिंहिणी एकाहून अधिक युतींतल्या नरांशी समागम करतात. छावे नेमके कोणाचे हे अशाने संदिग्ध राहते, आणि ती संदिग्धताच छाव्यांचे संरक्षण करते.

युतीतला एखादा नर बंदुकीने किंवा बाणाने मारला गेला तर काय होते, याचे उत्तर आता सहज सुचावे. म्हणूनच शिकारीस परवानगी असलेल्या देशांसाठी संशोधकांनी नाकाचा निकष सुचवला. तरुण सिंहाचे नाक गुलाबी असते आणि वयाबरोबर त्यावर काळे डाग पसरत जातात; साधारण पाचव्या वर्षी निम्म्याहून अधिक नाक काळे झालेले असते. नर त्याहून तरुण असेल तर त्याची पिल्ले बहुधा अजून लहान असतात, म्हणून त्याला मारू नये, असा हा हिशेब.

झिम्बाब्वेतील ह्वांगे उद्यानाजवळ जुलै २०१५ मध्ये सेसिल नावाचा, गळ्यात संशोधकांचा पट्टा असलेला नर शिकारीत मारला गेला, तेव्हा त्याच्या छाव्यांचे आता काही खरे नाही अशी भीती होती. परंतु सेसिलच्या युतीत जेरिको नावाचा आणखी एक नर होता. तो त्याचा भाऊ नव्हता, छावेही सेसिलचे होते. तरीही पुढच्या महिन्यांत तो त्याच कळपाबरोबर राहिला आणि त्याने छाव्यांना काही केले नाही.