आपदा मित्र व्हायचंय? सूचना निघायच्या आधी हे कागद नीट करून ठेवा

नदीकाठच्या गावातला जो पोरगा पुरात सगळ्यात आधी पाण्यात उतरतो, नेमका त्याचाच आपदा मित्रचा, म्हणजे बचावाचं प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी स्वयंसेवक योजनेचा, अर्ज परत येतो. कारण काय, तर आधारवर एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. तालुक्याला अर्ज भरून द्यायला मदत करताना हे वारंवार दिसतं, आणि दर वेळी वाईट वाटतं. म्हणून पात्रता आणि अर्जाचा मार्ग थोडक्यात सांगतो, आणि अर्ज जिथे अडकतात त्या जागा सविस्तर.

योजना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आहे. २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत, जिल्ह्यामागे २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवक तयार करण्यापासून ती सुरू झाली. पुढे ती ३५० जिल्हे आणि १ लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली. गावातल्याच माणसाला १२ दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं: पूर, दरड, भूकंप, आग, शोध आणि बचाव, प्रथमोपचार. सोबत बचावाचं किट आणि विमा. हे का लागतं, ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड आली, तेव्हा वर गाडीरस्ताच नव्हता. पथकांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावं लागलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि कित्येक जण बुडाले. बोटीत पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. बोटीत किती जणांना घ्यायचं आणि बाकीच्यांना काठावर थांबवून कसं ठेवायचं, हे माहीत असलेला माणूस गावात असणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

पात्रता साधी आहे. वय १८ ते ४०, किमान सातवी पास, त्याच जिल्ह्यात राहणारा, तब्येत धडधाकट. माजी सैनिक, निवृत्त वैद्यकीय कर्मचारी, स्थापत्य अभियंते यांना प्राधान्य मिळतं आणि त्यांच्यासाठी वयाची अट सैल होऊ शकते. महिलांनी जरूर अर्ज करावा. पुरात घरं रिकामी करताना बाळंतीण किंवा म्हातारी सासू बाहेर यायला तयार नसते, तेव्हा बाईने समजावलेलं ती ऐकते.

एक गैरसमज आधी दूर करतो. ही नोकरी नाही. 'आपदा मित्र भरती, पगार इतका, लिंकवर फी भरा' असे मेसेज व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात फिरतात. त्यावर एक रुपयाही भरू नका. अर्जाला फी नाही, प्रशिक्षणाला फी नाही, मध्ये कुठला एजंटही नाही. अर्ज जातो जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे, बहुतेक वेळा तहसील कार्यालयामार्फत. तो वर्षभर खुला नसतो. जिल्ह्याला तुकडी भरायची असेल तेव्हा सूचना निघते.

आता कागद. जिल्ह्याजिल्ह्याच्या नमुन्यात थोडाफार फरक असतो. पण आधार, शिक्षणाचा पुरावा, वैद्यकीय दाखला, फोटो आणि स्वतःचं संमतिपत्र हे धरूनच चाला. काही जिल्हे पोलिसांची चारित्र्य पडताळणीही मागतात.

जन्मतारीख

आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी जून महिना धरून १ जून लिहून टाकलेली माणसं गावोगाव आहेत. याच माणसांनी आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं असेल, तर तिथे १ जानेवारी पडली. घरात जन्मदाखला असेल तर त्यावर तिसरीच तारीख. तपासणाऱ्या लिपिकाला तुम्ही खरे कधी जन्मलात याच्याशी देणंघेणं नसतं. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की तो अर्ज बाजूला ठेवतो. शाळा सोडल्याचा दाखला हाच वयाचा धड पुरावा धरला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. तेव्हा दाखल्याप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या. पण जपून, आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. घाईत चुकीची तारीख घालून आलात तर पुढे फार त्रास होतो. चाळिशीच्या काठावर असाल तर वय कोणत्या तारखेला मोजणार हे सूचनेत शोधा. बरेच जण अर्ज भरायच्या दिवसाचं वय धरतात आणि महिन्या-दोन महिन्यांच्या फरकाने अपात्र ठरतात.

सातवी

दहावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून अर्जच न करणारे खूप आहेत, आणि त्यात नावाडी, मासेमार, ऊसतोड करणारे जास्त. दहावी लागतच नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'कोणत्या इयत्तेत शिकत होता' असा रकाना असतो. तिथे आठवी लिहिलेलं असेल तर सातवी पास झाल्याचा तोच पुरावा. दाखला पुरात वाहून गेला असेल, आणि पूरग्रस्त गावात असं हमखास होतं, तर शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दुसरी प्रत मिळते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मे महिन्यात शाळा बंद असते. सूचना मेमध्ये निघाली तर हा एक कागद तुमचं सगळं अडवून धरेल.

पत्ता, आणि लग्न होऊन आलेल्या बायका

सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. बाई आठ-दहा वर्षं सासरी राहते, बचत गट चालवते, गावातला प्रत्येक उंबरठा तिला माहीत. पण आधारवर माहेरचं नाव आणि माहेरचा जिल्हा. लिपिक म्हणतो, तुम्ही या जिल्ह्याच्या नाही. मग ती डोमिसाईलसाठी, म्हणजे अधिवास दाखल्यासाठी, सेतूत रांग लावते. योजनेला जिल्ह्यात राहत असल्याचा पुरावा हवा असतो. अधिवास दाखला ही वेगळीच गोष्ट आहे, त्यासाठी राज्यातल्या दीर्घ वास्तव्याचे पुरावे मागतात आणि वेळही फार जातो. सूचनेत 'अधिवास' हा शब्द स्पष्ट लिहिला नसेल तर त्याच्या मागे लागू नका. टेबलावर कोणी तोंडी मागितला तर नम्रपणे विचारा, सूचनेत कुठे लिहिलंय ते दाखवा. अशा एका तोंडी मागणीपायी किती बायकांनी अर्जच सोडून दिलेत!

यावर मार्ग आहे. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतो. नवऱ्याशी नातं दाखवणारा कागद जोडायचा, मग त्याने ऑनलाइन संमती द्यायची. ही संमती ३० दिवसांत दिली नाही तर विनंती रद्द होते. नवरा मुंबईला कामाला असेल आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद असेल, तर तिथेच घोडं अडतं. आधी त्याचा नंबर चालू करून घ्या. नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत प्रत्येक अर्जाला लावा, मागितली नसली तरी.

वैद्यकीय दाखला

एमबीबीएस डॉक्टरांचा घ्या, शक्यतो सरकारी दवाखान्यातला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा मिळाला तर उत्तम, पण ते लसीकरणाला किंवा बैठकीला गेलेले असतात, म्हणून फोन करून सकाळच्या ओपीडीच्या वेळेत जा. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख तिथेच उभं राहून तपासा. अर्ध्या दाखल्यांवर तारीखच नसते. जुना दाखलाही चालत नाही, तो सूचना निघाल्यावरचा ताजा असावा.

आणि कळकळीने सांगतो, आकडी येत असेल, दमा असेल, छातीत दुखत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. प्रशिक्षणात पाणी आहे, दोर आहे, उंचावरून उतरणं आहे. तिथे आकडी आली तर तुमच्यासोबत तुम्हाला धरणाराही जाईल. अशा माणसाला गावातलं दुसरं काम आहे. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे गरोदर बाई आहे, गुरं कुठल्या उंचवट्यावर न्यायची, ही यादी गावाच्या आपत्ती आराखड्यात लागतेच आणि ती करायला वयाची किंवा शिक्षणाची अट नाही.

चारित्र्य पडताळणी महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून होते. बांधाच्या भांडणातला गुन्हा नावावर असेल तर तो लिहा आणि निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत जोडा. अर्जात 'नाही' लिहून पडताळणीत निघाला की पुढे बोलायला जागा राहत नाही.

शेवटची तारीख

सूचनेतली अंतिम तारीख बऱ्याचदा जिल्हा कक्षात यादी पोचायची असते. तहसीलमध्ये अर्ज त्याच्या चार-पाच दिवस आधी तरी पडायला हवा. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज देऊन लोक निश्चिंत होतात. त्यांच्याकडे तीन-तीन गावं असतात, पिशवीतला अर्ज पिशवीत राहतो. तहसीलच्या आवक टेबलावर स्वतः द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला कोणी कुरकुर केली तरी हटू नका. अर्ज मिळालाच नाही असं नंतर सांगितलं गेलं, तर तुमच्या हातात दुसरं काही नसतं.

एनसीसी, एनएसएस, स्काऊट-गाइड किंवा नेहरू युवा केंद्रातल्या (आताचं 'मेरा युवा भारत') मुलांसाठी युवा आपदा मित्र ही वेगळी योजना आहे. तिची नावं त्या-त्या संस्थेकडूनच जातात. तहसीलला अर्ज करून उपयोग नाही, आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा.

निवड झाली की १२ दिवस पूर्ण द्यावे लागतात. रोजंदारीवर असणाऱ्यांनी हा विचार अर्जाच्या आधी घरात करावा. सहाव्या दिवशी खुरपणीला परत गेलं तर जागा वाया जाते आणि गावही मागे राहतं. किटमध्ये लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, शिट्टी, हातमोजे, गमबूट, प्रथमोपचार पेटी असं साहित्य असतं. ते स्वतःच्या घरी ठेवा, ग्रामपंचायतीच्या कपाटात नको. रात्री दोनला किल्ली शोधत कोणी फिरणार नाही.

विम्याच्या फॉर्मवर वारसाचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. विमा तीन वर्षांचा असतो, मुदत कधी संपते ते लिहून ठेवा आणि नूतनीकरणाबद्दल कक्षात विचारत राहा. मोबाइल नंबर बदलला तर त्याच आठवड्यात जिल्हा कक्षाला लेखी कळवा. पाणी वाढू लागलं की १०७७ वरच्या नियंत्रण कक्षातून याच यादीतल्या नंबरांवर फोन लागतात.