एनपीएसमधली फंडनिवड : ‘एलसी 25’मधला 25 कशाचा?

1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नोकरीत लागणाऱ्यांना, सैन्यदलं सोडून, एनपीएस (नॅशनल पेन्शन सिस्टीम) सक्तीची झाली. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून तशीच कपातीवर चालणारी ‘डीसीपीएस’ (परिभाषित अंशदान पेन्शन योजना) आली. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के कपात सगळ्यांना पाठ आहे. हिवाळी अधिवेशनात जुन्या पेन्शनसाठी निघालेले मोर्चे नागपूरने पाहिले आहेत, पण कापलेला पैसा गुंततो कुठे, यावर बोलणं क्वचितच होतं. हे टिपण त्यावर आहे, आणि मुख्यतः इथल्या रेल्वे, टपाल, आयकरातल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी.

पहिली चार वर्षं हा पैसा सरकारी खात्यातच पडून होता. 2008 मध्ये तो तीन सरकारी फंडांकडे गेला. शेअरचा वाटा जास्तीत जास्त 15 टक्के, बाकी रोखे. कर्मचाऱ्याला कुणी विचारलं नाही. पुढे 1 मे 2009 ला योजना सर्वसामान्यांना खुली झाली, तेव्हा फंड कोणता आणि शेअर किती हे त्यांना सुरुवातीपासूनच ठरवता आलं. ज्यांच्यावर ती सक्तीची होती, त्यांना निवड मिळाली 1 एप्रिल 2019 ला. ही दहा वर्षं मला आजही सलतात. 2004 मध्ये पंचविशीत लागलेला माणूस तोवर चाळिशीला आला होता; जोखीम पेलायचं वय निघून गेलं होतं. त्याच दिवशी खात्यात सरकार भरतं तो वाटा 14 टक्के झाला आणि आमच्या ऑफिसात चर्चा झाली ती त्याचीच.

2019 च्या निर्णयाने खासगी फंडही खुले झाले. त्यात फंड वर्षातून एकदा बदलण्याची मुभा होती, गुंतवणुकीचा प्रकार दोनदा. तेव्हा प्रकार तीन होते: सगळा पैसा सरकारी रोख्यांत, एलसी 25 किंवा एलसी 50. काहीच निवडलं नाही तर जुनंच डिफॉल्ट, म्हणजे सरकारी फंडांतली आपोआप होणारी गुंतवणूक, चालू राहतं.

सगळ्यात मोठा घोळ या आकड्यांचा आहे. सिव्हिल लाइन्समधल्या एका कँटीनमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांच्या सहकाऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. “पंधराचे पंचवीस केले होते, मग इथे बारा कसे?” स्क्रीनवर ई 12, सी 19, जी 69 असं होतं. ई म्हणजे शेअर, सी कंपन्यांचे रोखे, जी सरकारी रोखे. एलसी म्हणजे लाइफ सायकल; वय वाढेल तसा शेअरचा वाटा उतरत जातो. एलसी 25 मधले 25 टक्के फक्त पस्तिशीपर्यंत असतात. त्यानंतर दरवर्षी एक टक्का कमी होत पंचावन्नाव्या वर्षी 5 उरतात. म्हणजे पंचेचाळिशीनंतर एलसी 25 मध्ये शेअरचा वाटा डिफॉल्टच्या तेव्हाच्या 15 टक्क्यांच्या मर्यादेच्याही खाली जातो. वाढवायला गेलेल्या माणसाने तो कमी करून घेतला होता! एलसी 50 दरवर्षी दोन टक्के उतरतं. त्याच्या वयाला तिथे 24 टक्के आले असते.

1 एप्रिल 2025 पासून केंद्रात यूपीएसचा (युनिफाइड पेन्शन स्कीम, म्हणजे हमीच्या पेन्शनचा) पर्याय आला, तेव्हा हमी मिळाली म्हणून निवडीचा विषय संपला असं अनेकांनी धरलं. तो संपलेला नाही. यूपीएसमध्ये आपल्या खात्यातली रक्कम डिफॉल्टने वाढली असती त्या रकमेशी ताडली जाते. ती कमी भरली आणि फरक आपण भरला नाही, तर हमीची पेन्शन त्या प्रमाणात घटते.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांना एलसी 75 सुद्धा खुलं झालं. त्यातले 75 सुद्धा पस्तिशीपर्यंतचेच. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते 26 भरतात.