दामदुपटीची तीन शतके

सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या, ख्रिस्ती बिशपांच्या (मुख्य धर्मगुरूंच्या) निकिया येथील धर्मपरिषदेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आलेल्या लेखांत आणि संदेशांत एक विधान पुन्हा पुन्हा वाचायला मिळाले : रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला आणि त्याच्या हुकमामुळे सारे साम्राज्य ख्रिस्ती झाले. दुसऱ्या टोकाचे विधानही सोबत असतेच. मूठभर कोळी आणि कारागीर यांचा पंथ तीनशे वर्षांत एवढा पसरतो, तेव्हा तो चमत्कारच म्हटला पाहिजे, असे ते सांगते. मला ही दोन्ही विधाने चुकीची वाटतात आणि दोन्ही चुकांचे मूळ एकच दिसते : चक्रवाढीने वाढणारी गोष्ट आपल्याला तिच्या शेवटच्या टप्प्यातच दिसते, आणि मग त्या टप्प्यात जो कोणी सत्तेवर असेल त्याला आपण तिचे कारण ठरवतो.

कॉन्स्टंटाइनने रोमजवळची मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकली ३१२ साली, आणि त्याचा ख्रिस्ती धर्माकडचा कल तेव्हापासूनचा मानला जातो. मिलानच्या करारान्वये ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले ३१३ साली. ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला तो मात्र सम्राट थिओडोसियसच्या काळात, ३८० साली. म्हणजे कॉन्स्टंटाइनने कोणावर धर्म लादला नाही, आणि त्याला ज्या समाजाचा पाठिंबा मोलाचा वाटला असेल तो समाज त्याच्या आधीच उभा राहिलेला होता. तो कसा उभा राहिला, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ साली या प्रश्नाला अंकगणिताने हात घातला. इसवी सन ४० मध्ये साऱ्या जगात १,००० ख्रिस्ती होते असे धरा. इसवी सन ३०० मध्ये रोमन साम्राज्याच्या सुमारे ६ कोटी लोकसंख्येत ख्रिस्ती ५० ते ७५ लाखांच्या दरम्यान असावेत, असा इतिहासकारांचा ढोबळ अंदाज आहे. या दोन टोकांना जोडण्यासाठी वाढीचा वेग किती लागतो? उत्तर येते दर दहा वर्षांना ४० टक्के, म्हणजे वर्षाला ३.४२ टक्के. शंभर माणसांच्या मंडळीत, म्हणजे एखाद्या गावच्या ख्रिस्ती समुदायात, वर्षभरात जन्म, मृत्यू, आलेले आणि सोडून गेलेले असा सारा हिशेब झाल्यावर तीन-चार माणसांची भर पडली, की झाले.

बँकेच्या ठेवीला लावतो तो ७२ चा नियम इथेही लागू पडतो. ७२ ला ३.४२ ने भागले की सुमारे २१ येतात. दर एकवीस वर्षांनी दामदुप्पट. आता ही दामदुप्पट प्रत्यक्षात कशी दिसली असती ते पाहू. इसवी सन १०० मध्ये, म्हणजे येशूला क्रूसावर दिल्यानंतर साधारण सत्तर वर्षांनी, आकडा येतो अवघा ७,५३०. इसवी सन २०० मध्ये तो २ लाख १८ हजार आणि २५० मध्ये ११ लाख ७१ हजार होतो, आणि ३०० मध्ये ६३ लाखांवर पोहोचतो. पहिल्या दशकात ४०० माणसे वाढली आणि २९० ते ३०० या दशकात १८ लाख, पण वेग तोच आहे. इसवी सन ३०० च्या सुमारास एखाद्या रोमन अधिकाऱ्याला आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी अघटित घडते आहे असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. घडत होते ते मात्र अडीचशे वर्षे घडत आलेलेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन बिंदू दिले की त्यांना जोडणारा दर नेहमीच काढता येतो, त्यामुळे हा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. आरंभीचा १,००० हा आकडा गृहीत धरलेला आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक याहून मोठे आकडे देते. शिवाय वेग प्रत्येक दशकात सारखाच राहिला असेल, असेही नाही. या हिशेबाने सिद्ध होते ते एवढेच की, जे घडले ते घडण्यासाठी विलक्षण वेगाची गरज नव्हती. मॉर्मन हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात निघालेला पंथ विसाव्या शतकात दर दशकाला सरासरी ४३ टक्क्यांनी वाढला, हे स्टार्क यांनीच दाखवून दिले आहे.

मग ती वर्षाला तीन-चार माणसे यायची कुठून? आपण डोळ्यांसमोर चौकातले भाषण आणि हजारोंचा जमाव आणतो, परंतु धर्मांतराचा अभ्यास करणाऱ्यांना वेगळेच आढळते : माणूस नव्या पंथात जातो तो बहुतेक वेळा आधीपासूनच्या नात्यातून, सोयरिकीतून, शेजारातून किंवा धंद्यातून. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल ग्रीसमधील करिंथला गेला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याकडे उतरला, कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा. त्यांच्याकडे राहून तो त्यांच्याबरोबर कामही करू लागला. कामाच्या जागी होणाऱ्या अशा बोलण्यातून एक माणूस आत येतो आणि त्याच्यासोबत त्याचे बाहेरचे सारे नातेसंबंध मंडळीला जोडले जातात. चक्रवाढ चालू राहण्याची अट नेमकी हीच आहे. जो पंथ आपल्यातच लग्ने लावतो, आपल्यातच व्यवहार करतो आणि बाहेरच्यांशी संबंध तोडतो, त्याची वाढ काही काळाने थांबते, कारण नव्या सभासदाला ओळखीचे सारे लोक आतच भेटतात. नवी नाती जिथे सहज जुळतात ती शहरे, विशेषतः बंदरे. म्हणून अंत्युखिया, इफिस, करिंथ आणि अलेक्झांड्रिया ही नावे आरंभीच्या इतिहासात सतत येतात. समुद्रमार्गाने हेच जाळे पुढे आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमणूक झालेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि ते आपले कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

वाढ इतकी घरगुती होती की तिच्या खुणाही घरातच सापडतात. सिरियात युफ्रेटिस नदीकाठी ड्यूरा-युरोपस नावाचे शहर होते. तिथे उत्खननात एक साधे राहते घर सापडले, आणि त्यातील दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर जण बसतील असे एक दालन केलेले होते. बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड आणि भिंतींवर चित्रे होती. इसवी सन २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी सैन्याने वेढा घातला, तेव्हा तटाला बळकटी देण्यासाठी ते घर मातीच्या भरावाखाली गाडले गेले आणि त्यामुळेच टिकले. मंडळी वाढली म्हणून भिंत पाडावी लागली, आणि तरीही ती एका घरात मावत होती. वाढीच्या वक्ररेषेचा हा टप्पा माझ्या दृष्टीने याहून स्पष्ट दुसरा कोणताही अवशेष दाखवत नाही.

रोममध्येच २५१ साली बिशप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रात त्या मंडळीत ४६ वडील (धर्मगुरू) आणि ७ डीकन (सेवक) असल्याचा, तसेच दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू यांना मदत दिली जात असल्याचा उल्लेख आहे. यावरून काही इतिहासकार रोममधील ख्रिस्ती लोकसंख्या तीस ते पन्नास हजार धरतात. दीड हजार माणसांना नियमित पोसणे हे लहान काम नव्हे, आणि या मदतीचा संबंध वाढीच्या दराशी थेट येतो. तो साथीच्या रोगांत दिसतो.

इसवी सन १६५ मध्ये साम्राज्यात एक भयंकर साथ आली, ती बहुधा देवीची असावी. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर दुसरी आली. दुसऱ्या साथीत अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस लिहितात की ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची सेवा करत राहिले आणि त्यात स्वतः मेले, तर इतरांनी आजाऱ्यांना रस्त्यावर टाकले. बिशपाची ही साक्ष एकतर्फी आहे, हे धरूनच ती वाचली पाहिजे. पण औषध नसलेल्या रोगातही तापलेल्या माणसाला वेळेवर पाणी आणि पेज मिळाली तर त्याच्या जगण्याची शक्यता वाढते. समजा, एका शहरात ९०० लोक जुन्या देवतांचे उपासक आणि १०० ख्रिस्ती आहेत, आणि साथीत पहिल्यांतले ३० टक्के, तर सेवा मिळाल्यामुळे दुसऱ्यांतले २० टक्के मेले. उरतील ६३० आणि ८०. एकाही माणसाने धर्म बदललेला नाही, तरी ख्रिस्ती प्रमाण १० टक्क्यांवरून सव्वाअकरा टक्क्यांवर गेले. शिवाय ज्याची माणसे मेली आणि ज्याला शेजारच्या ख्रिस्ती घराने जगवले, त्याची उरलेली नाती आता कुठे आहेत, हेही लक्षात घ्यावे.

याउलट पहिल्या साथीतली एक गोष्ट लुशियन या ग्रीक लेखकाने सांगितली आहे. अ‍ॅबोनोटायकसच्या अलेक्झांडर नावाच्या भविष्यवेत्त्याने एक मंत्र सर्वत्र पाठवला, आणि लोकांनी तो दारांवर लिहिला. लुशियन म्हणतो की ज्या दारांवर मंत्र होता तीच घरे अधिक रिकामी झाली, कदाचित मंत्राच्या भरवशावर लोकांनी काळजी घेणे सोडले म्हणून. दारावर लिंबू-मिरची बांधून निश्चिंत होणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

आता शेवटचा आणि थोडा कठीण भाग. ४० टक्क्यांचा दर असाच चालू ठेवला तर ३७० च्या आतच ख्रिस्ती लोकसंख्या साम्राज्याच्या लोकसंख्येहून जास्त होते, आणि हे अशक्य आहे. जसजसे बाहेरचे लोक कमी होतात तसतशी वाढ मंदावली पाहिजे. यासाठी ख्रिस्ती किती टक्के हे न मोजता, ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती यांचे परस्पर गुणोत्तर मोजायचे आणि ते चक्रवाढीने वाढते असे मानायचे. त्यातून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वक्ररेषा मिळते. वरचेच दोन आकडे घेऊन मी हा हिशेब केला. गुणोत्तर दर दशकाला सुमारे ४०.६ टक्क्यांनी वाढते, ३५० मध्ये ख्रिस्ती प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास येते, आणि निम्मे साम्राज्य ख्रिस्ती होते ते ३६३ च्या सुमारास. अशा वक्ररेषेचा चढ मध्यबिंदूवर सर्वांत तीव्र असतो; इथे तो वर्षाला पाच लाख माणसांहून थोडा अधिक येतो. गृहीतके थोडी बदलली तर हे साल पुढेमागे सरकते, हे उघड आहे.

पण ३६१ ते ३६३ या काळात गादीवर होता ज्युलियन, म्हणजे साम्राज्याला जुन्या देवतांकडे परत नेण्याचा प्रयत्न करणारा सम्राट. ज्या क्षणी रेषा सर्वांत वेगाने वर चढत होती, नेमक्या त्याच क्षणी तो तिला खाली दाबू पाहत होता. हुकमाने धर्म बदलतो असे मानणाऱ्यांनी ज्युलियनचे उदाहरण पाहावे, कारण हुकूम त्याच्याही हाती होता. त्याच्या नावाने टिकून राहिलेल्या एका पत्रात गलातिया या प्रांतातील (आजच्या तुर्कस्तानातील) मुख्य पुजाऱ्याला तो कळवळून लिहितो की हे गालिली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असेच म्हणे) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्या गरिबांनाही पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून मदत मिळत नाही, याची लाज वाटली पाहिजे. त्याच पत्रात तो साऱ्या गलातियासाठी दरसाल तीस हजार मापे धान्य मंजूर करतो आणि त्याचा पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या सेवेतील गरिबांना देऊन बाकीचे परक्यांना व भिकाऱ्यांना वाटायला सांगतो. हे धान्य वाटायला त्याच्याजवळ जेमतेम दीड-दोन वर्षे होती. समोरच्या मंडळ्या ते काम दोन शतकांहून अधिक काळ, दर आठवड्याला, ओळखीच्या घरांत करत आल्या होत्या.